वजनाचा विचार कळा सुरू होण्याआधी व्हावा : आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य,
तसेच रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांचे जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांस

विषय : स्थूल गरोदर स्त्रियांच्या प्रसूतीचे नियोजन व त्यासाठी लागणारी साधने

महोदय,

मी राजापूर-लांजा पट्ट्यात प्रसूतितज्ज्ञ म्हणून काम करते. स्वतःचे लहानसे रुग्णालय सांभाळून गरज पडेल तेव्हा सरकारी रुग्णालयातही बोलावण्यावर जाते, त्यामुळे दोन्हीकडच्या लेबर रूम मला आतून माहीत आहेत. हे पत्र एकाच प्रश्नापुरते आहे. ज्या गरोदर स्त्रीचे वजन तिच्या उंचीच्या मानाने बरेच जास्त आहे, तिच्या बाळंतपणाचा विचार आपल्या किनारपट्टीवर कळा सुरू झाल्यावर होतो, बहुतेक वेळा रात्री होतो, आणि ‘हिला पुढे पाठवा’ एवढ्यावरच संपतो. तो छत्तिसाव्या आठवड्याच्या आत, दिवसाउजेडी आणि कागदावर व्हावा, अशी माझी मागणी आहे.

आपल्या मातृ-आरोग्याची सगळी घडी अशक्तपणा, रक्तक्षय आणि कमी वजन डोळ्यांपुढे ठेवून बसली, आणि त्या काळात ते योग्यच होते. आजही डोंगराकडच्या वाड्यांमध्ये आठ ग्रॅम हिमोग्लोबिन घेऊन दिवस काढणाऱ्या मुली आहेत. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. त्याआधीच्या सर्वेक्षणात हाच आकडा २०.६ टक्के होता. आपली पद्धत मात्र जुनीच राहिली. तपासणीला आलेल्या बाईला विचारले जाते ते ‘वजन वाढले ना?’ एवढेच, आणि वाढले असेल तर सगळ्यांना हायसे वाटते. किती वाढले आणि मुळात किती होते, याची चौकशी होत नाही. घरी सासू आणि आई दोघीही ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’ म्हणत असतात, त्यामुळे तिला दुसरे काही सांगणारे कुणी उरत नाही. आणि जाड बाई म्हणजे सुदृढ बाई हा समज इतका पक्का आहे की तिचे रक्त कमी असेल ही शंकाही घेतली जात नाही. प्रत्यक्षात एकाच बाईत दोन्ही गोष्टी सापडतात.

अडचण उंचीपासून सुरू होते. कोकणातल्या बऱ्याच मुली दीडशे सेंटिमीटरच्या आसपास असतात. या उंचीची मुलगी ६८ किलोची असेल तर तिला कुणी लठ्ठ म्हणणार नाही, पण तिचा बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) तिसाच्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने ३० म्हणजे स्थूलता; भारतीयांसाठी तज्ज्ञांनी सुचवलेल्या मापाने ती २५ पासूनच धरली जाते, म्हणजे याच मुलीच्या बाबतीत सव्वाछप्पन्न किलोला. नुसत्या वजनकाट्यावरून हे कळत नाही. माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाची नोंद महिन्यागणिक भरलेली असते आणि उंचीची जागा मात्र पुष्कळदा कोरी असते, किंवा अंदाजाने भरलेली असते. बीएमआय काढायचा तोही गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या वजनावरून. आठव्या महिन्यात काढलेला आकडा बाळ, वार आणि पाणी धरून असतो, त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

इथे आपल्या भागाची एक खास गुंतागुंत आहे. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. नालासोपारा, विरार, दिवा किंवा भांडुपला राहणारी मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात गावी येते, तेव्हा तिच्या पिशवीत सोनोग्राफीचे अहवाल, रक्ताचे कागद आणि गोळ्यांच्या चिठ्ठ्या यांचा गठ्ठा असतो. त्या गठ्ठ्यात पहिल्या तिमाहीचे वजन आणि उंची एकत्र सापडणे ही माझ्या अनुभवात दुर्मीळ गोष्ट आहे. तिची नोंद शहरात, बाळंतपण गावात, आणि मधल्या प्रवासात नेमकी हवी ती माहिती गळून पडलेली. आशाताईंना गावात आलेल्या अशा मुलीची खबर सर्वांत आधी लागते. डोहाळजेवणाच्या दिवशी तर नक्कीच लागते. त्याच आठवड्यात तिची उंची-वजन घेऊन जवळच्या केंद्रात नव्याने नोंद झाली पाहिजे.

आता रक्तदाबाच्या पट्ट्याकडे येते, कारण ही तक्रार सर्वांत स्वस्तात सुटणारी आहे आणि सर्वांत जास्त काळ रेंगाळलेली आहे. बहुतेक केंद्रांत एकच नेहमीच्या मापाचा पट्टा असतो. दंडाचा घेर ३४ सेंटिमीटरच्या पुढे गेला की तो पट्टा अपुरा पडतो. सिस्टर तो ओढूनताणून लावतात, हवा भरू लागली की चिकटपट्टी चर्रकन सुटते, मग एका हाताने पट्टा दाबून धरून दुसऱ्या हाताने फुगा दाबायचा असा प्रकार चालतो. लहान पट्ट्याने मोजलेला रक्तदाब खऱ्यापेक्षा जास्त येतो. त्यातून दोन उलट चुका होतात. कुणाला नसलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या सुरू होतात आणि त्यापायी दिवस भरण्याआधीच कळा आणल्या जातात. तर कुठे ‘पट्टा लहान आहे म्हणून जास्त दाखवतोय’ असे म्हणून खरोखर वाढलेला दाब सोडून दिला जातो. दुसरी चूक जिवावर बेतू शकते, कारण स्थूल स्त्रियांमध्ये गरोदरपणातला रक्तदाब आणि त्यातून येणारे झटके यांचा धोका मुळातच अधिक असतो. मोठ्या मापाचा पट्टा ही काही यंत्रसामग्रीच्या निविदेची गोष्ट नव्हे. प्रत्येक उपकेंद्राला तो या वर्षीच देता येईल.

गरोदरपणातल्या बाकी काळजीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याचे नियम आधीच कागदावर आहेत. ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर तपासायची, ती १४० किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह धरायचा, ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करायची असते. दुसरी फेरी आपल्याकडे नेमकी शहर सोडून गावी येण्याच्या गडबडीत चुकते. तिसाच्या वर बीएमआय असलेल्या स्त्रीने पूर्ण गरोदरपणात ५ ते ९ किलो वाढणे पुरेसे समजले जाते. तिला उपाशी ठेवायचे नाही. ताटातला भाताचा दुसरा-तिसरा वाढप कमी करून मासे, कुळीथ आणि भाजी वाढवली तरी पुष्कळ होते, आणि आंब्या-फणसाच्या दिवसांत साखर आलेल्या बाईला हे जास्त ठामपणे सांगावे लागते.

मुख्य मुद्दा कळांचा आहे. स्थूल स्त्रीमध्ये प्रसूतीचा पहिला टप्पा, म्हणजे पिशवीचे तोंड उघडण्याचा काळ, हळू पुढे सरकतो. वजन जितके जास्त तितका हा वेळ वाढतो, हे मोठ्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. गर्भाशयाच्या स्नायूंच्या आकुंचनाचा जोर अशा स्त्रियांमध्ये कमी पडतो, असेही प्रयोगशाळेत आढळले आहे. तोंड पूर्ण उघडल्यावर बाळ बाहेर ढकलण्याचा दुसरा टप्पा मात्र इतर स्त्रियांच्या तुलनेत फारसा लांबत नाही. या एका माहितीवर पुष्कळ काही अवलंबून आहे. तोंड चार सेंटिमीटर उघडलेले असताना दाखल झालेली बाई चार तासांनंतर पाच सेंटिमीटरवरच असेल तर प्रसूतीच्या देखरेखीच्या जुन्या तक्त्यावर तिची रेघ धोक्याच्या बाजूला जाते, सगळ्यांचा धीर सुटतो आणि एकतर तिचे सिझर होते किंवा ती रुग्णवाहिकेत बसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केले की कळांचा खरा जोर पाच सेंटिमीटरपासून धरावा आणि तासाला एक सेंटिमीटर ही गती न गाठणे एवढ्यावरून हस्तक्षेप करू नये. २०२० मध्ये त्यानुसार प्रसूतीच्या देखरेखीचा नवा तक्ताही आला. बाळाचे ठोके ठीक आहेत, आईची नाडी, ताप आणि रक्तदाब ठीक आहे, तर वजनदार बाईला वेळ द्यावा लागतो. नवा तक्ता आपल्या लेबर रूममध्ये नुसता भिंतीवर लावून चालणार नाही. रात्रपाळीच्या सिस्टरने त्यावर विश्वास ठेवून बसून राहावे, इतका आधार तिला मिळाला पाहिजे.

वेळ देणे म्हणजे बाईला उताणी निजवून वाट बघणे नव्हे. ती उताणी राहिली की पोटाच्या भाराने मोठ्या रक्तवाहिन्या दबतात आणि बाळाचे ठोके मंदावू शकतात. तिला कुशीवर ठेवावे, चालू द्यावे, जवळचे एक माणूस सोबत असू द्यावे. पोटाच्या जाड थरातून बाळाचे ठोके पकडणे कठीण असते, ठोके ऐकण्याचे डॉप्लर यंत्र सतत सरकते, म्हणून अशा बाईजवळ एक माणूस सलग असावे लागते. कळा देणाऱ्या तीन बायका आणि एक सिस्टर या हिशेबात ते बसत नाही. हाताने चाचपून डोके खाली आहे की पाय, हेही नेहमी खात्रीने सांगता येत नाही, तेव्हा दाखल होताना सोनोग्राफीची एक झलक घ्यावी. कळा आणायच्या असतील तर त्याला जास्त वेळ आणि पुष्कळदा जास्त औषध लागते. पाणमोट फोडून ऑक्सिटोसिनचे सलाइन लावल्यावर किमान बारा ते अठरा तास गेल्याशिवाय, आई-बाळ ठीक असतील तर, ‘कळा आल्याच नाहीत’ असा निष्कर्ष काढू नये. याचीच दुसरी बाजू म्हणजे जिथे सिझरची सोय नाही तिथे कळा वाढवण्याचे सलाइन लावूच नये. हा नियम सर्वांना ठाऊक आहे आणि तो सर्वत्र पाळला जातो असे मी म्हणू शकत नाही.

माझ्या व्यवसायबंधूंनाही इथे दोन शब्द सांगावेसे वाटतात. केवळ काट्यावरचा आकडा पाहून सिझरची तारीख देण्याची सवय खासगीत वाढली आहे, आणि ‘सेफ साइड’ हे तिचे लाडके नाव आहे. स्थूल स्त्रीचे सिझर होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट असते हे खरे. पण सिझरमधले धोकेही तिलाच अधिक असतात, जखम पिकण्याचे, रक्ताची गाठ होण्याचे, भूल देताना अडचण येण्याचे. म्हणून जिला नैसर्गिक प्रसूती शक्य आहे तिची ती संधी जपणे हाच तिच्यासाठी कमी धोक्याचा मार्ग आहे. जिथे सिझर लागणारच आहे, तिथे ते मंगळवारी सकाळी दहा वाजता, रक्ताची पिशवी तयार ठेवून आणि भूलतज्ज्ञांनी आधी तपासून झाले, तर त्याच शस्त्रक्रियेचा धोका रात्री दोनच्या मानाने पुष्कळ उतरतो.

भूलतज्ज्ञ हा आपल्याकडचा सर्वांत नाजूक दुवा. तालुक्यात एखादेच भूलतज्ज्ञ असतात आणि ते स्वतःच्या गाडीने तीन-चार रुग्णालयांत धावत असतात. वजनदार बाईला पाठीतून भूल देताना मणक्यांमधली फट बोटाला लागत नाही, नेहमीची सुई आखूड पडते, आणि पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर श्वासनळीत नळी घालणे अवघड जाते. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१८ च्या मार्गदर्शिकेत चाळीसच्या वर बीएमआय असलेल्या प्रत्येक गरोदर स्त्रीची भूलतज्ज्ञाशी आधीच गाठ घालून द्यायला सांगितले आहे. आपल्याकडे दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या दिवशी उपजिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञांचे दोन तास मिळाले, लांब सुई मागवून ठेवली गेली, तर याहून वेगळी योजना आणण्याची गरज नाही.

बाळ मोठे असेल, विशेषतः आईला मधुमेह असेल, तर डोके बाहेर येऊन खांदा अडकण्याची भीती असते. त्या वेळी आईचे दोन्ही पाय गुडघ्यात दुमडून पोटाकडे आणावे लागतात, आणि वजनदार बाईच्या बाबतीत त्याला दोन्ही बाजूंनी एकेक माणूस लागते. याची तालीम कोरड्या टेबलावर आधी झालेली असावी. प्रसूतीनंतर रक्तस्राव जास्त होण्याचा धोकाही आहे, म्हणून शीर सापडत नाही ही ओरड शेवटच्या क्षणी होऊ नये यासाठी दाखल होतानाच सुई लावून ठेवावी. लेबर टेबल आणि शस्त्रक्रियेचे टेबल किती वजन पेलते हा आकडा त्याच्या पत्र्यावर लिहिलेला असतो. तो प्रत्येक रुग्णालयाने एकदा वाचून नोंदवहीत उतरवावा.

सिझर झालेच तर चिरा देण्याआधी तासाभरात सेफाझोलिन या प्रतिजैविकाचे २ ग्रॅम आणि वजन १२० किलो किंवा अधिक असेल तर ३ ग्रॅम द्यावेत, आणि चरबीचा थर दोन सेंटिमीटरहून जाड असेल तर त्याला वेगळे टाके घ्यावेत, हे शस्त्रक्रिया करणाऱ्यांना माहीत आहे. पुढचे मात्र घरावर सोडले जाते. आपल्या दमट हवेत, त्यातही आषाढ-श्रावणात, पोटाच्या घडीखाली जखम दिवसभर ओली राहते. पाचव्या दिवशी बाई घरी जाते, आणि आठव्या-नवव्या दिवशी टाक्यातून पाणी येऊ लागले तरी ‘थोडं येतंच’ म्हणून दोन दिवस निघतात. घरी गेल्यावर तिसऱ्या दिवसाच्या आत सिस्टरने ती घडी उचलून जखम पाहिली पाहिजे.

त्याहून गंभीर बाब सव्वा महिन्याच्या विश्रांतीची आहे. बाळंतिणीला खाटेवरून उतरू न देणे, शेक-शेगडी, अळीव आणि डिंकाचे लाडू, या आपल्या रीती प्रेमाच्या आहेत आणि त्यांची टिंगल करण्याचे मला कारण नाही. पण स्थूल बाई, त्यात सिझर, आणि त्यावर सक्तीची खाट, हे तिन्ही एकत्र आले की पायाच्या शिरेत रक्त गोठण्याचा धोका फार वाढतो, आणि ती गाठ फुप्फुसात गेली तर कुणाला हाक मारायलाही वेळ मिळत नाही. ज्यांना गरज आहे त्यांना रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनची (एनॉक्सापॅरिन) इंजेक्शने वजनाच्या हिशेबाने द्यावी लागतात. सर्वांना सरसकट ४० मिलिग्रॅम हे बरोबर नाही, ९० किलोच्या पुढे ६० लागतात. आशाताईंनी घरी जाऊन सासूबाईंसमोर सांगायचे ते इतकेच, की हिने घरातल्या घरात रोज चालायचे, भरपूर पाणी प्यायचे, आणि एकच पाय सुजला किंवा धाप लागली तर मांत्रिक, मालिश काही न करता थेट रुग्णालय गाठायचे. अशा आईला दूध उतरायला एखाद-दुसरा दिवस जास्त लागू शकतो. तेवढ्यात पावडरचा डबा उघडला जाऊ नये, यासाठीही याच भेटीचा उपयोग आहे.

आता पुढे पाठवण्याविषयी. सावंतवाडीकडून गोव्यातले बांबोळीचे रुग्णालय, राजापूर-लांज्याकडून आंबा घाट चढून कोल्हापूर, उत्तरेकडून चिपळूणजवळच्या डेरवणचे रुग्णालय किंवा थेट मुंबई, असे आपले ठरलेले रस्ते आहेत. पावसाळ्यात परशुराम घाटात दरड आली की तासन्‌तास गाड्या अडतात, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये आलेला महापूर आपण सर्वांनी पाहिला आहे. अशा भूगोलात ‘लागले तर पाठवू’ ही योजना होऊ शकत नाही. ओरोस, रत्नागिरी आणि अलिबाग येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, म्हणजे दूरचे उत्तर थोडे जवळ आले आहे. माझी सूचना अशी, की बीएमआय तीसच्या पुढे असेल तर कार्डावर तशी ठळक नोंद व्हावी. पस्तीसच्या पुढे असेल तर प्रसूती चोवीस तास सिझर, रक्त आणि भूलतज्ज्ञ उपलब्ध असलेल्या ठिकाणीच ठरावी. आणि चाळीसच्या पुढे असेल, किंवा सोबत मधुमेह वा रक्तदाब असेल, तर छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तिची वैद्यकीय महाविद्यालयात एक भेट होऊन तिथल्या कागदावर तिचे नाव लागावे. जोखमीचे बाळंतपण म्हणून कार्डावर लाल स्टिकर लावताना कमी उंची, कमी रक्त आणि आधीचे सिझर सर्वांना आठवते. त्या यादीत हेही आठवावे. घाटापलीकडे किंवा खाडीपलीकडे राहणाऱ्यांना शेवटचा आठवडा रुग्णालयाजवळ राहता यावा अशी सोय पावसाळ्यापुरती तरी करावी, कारण जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमातून मोफत वाहन मिळते, पण दरड कोसळलेला रस्ता मिळत नाही.

एक गोष्ट पैशाविना होणारी आहे. ‘खाताना कळलं नाही का?’, ‘एवढं शरीर घेऊन कळा कशा येणार?’ ही वाक्ये कळा देणाऱ्या बाईच्या तोंडावर बोलली जातात, आणि ती बोलणाऱ्या व्यक्ती वाईट नसतात, दमलेल्या असतात. पण एकदा असे ऐकलेली बाई दुसऱ्या खेपेला तपासणीला उशिरा येते, काट्यावर उभी राहायला नको म्हणते, आणि जी माहिती आपल्याला पहिल्या तिमाहीत हवी आहे ती आपण आपल्याच तोंडाने घालवून बसतो. प्रशिक्षणात याचा एक तास असावा. वजन पडद्याआड घ्यावे आणि आकडा रांगेत मोठ्याने पुकारू नये.

वरील बाबींवर तिन्ही जिल्ह्यांची एकत्र बैठक पावसाळ्यापूर्वी बोलावावी, अशी विनंती आहे. मोठे पट्टे, लांब सुया आणि टेबलांची वजनक्षमता यांची तालुकानिहाय यादी करायला आमच्या भागातील प्रसूतितज्ज्ञ व भूलतज्ज्ञ मदत करतील. त्यांच्याशी माझे बोलणे झाले आहे, आणि बैठकीची तारीख कळवल्यास आम्ही आमच्या भागापुरती यादी सोबत घेऊन येऊ.

आपली,
दक्षिण रत्नागिरीतील एक प्रसूतितज्ज्ञ